प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?

ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी दिल्लीत भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. स्वतःसाठी नव्हे, माझ्या पुतण्याच्या मुलीसाठी. ओडिशातील एका महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या या मुलीला राजधानीतील एका विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. प्रवेश परीक्षेत गुण उत्तम होते, शुल्क भरून झाले होते, नोंदणी क्रमांकही हाती आला होता. वसतिगृहाची यादी मात्र वर्ग सुरू झाल्यानंतर लागणार होती आणि त्या यादीत नाव असेलच, याची खात्री कोणीही देत नव्हते. ओडियात आजोबांना ‘जेजे’ म्हणतात. ‘जेजे, यादी लागेपर्यंत मी राहायचं कुठे?’ असे तिने दूरध्वनीवर विचारले तेव्हा पस्तीस वर्षे शासकीय सेवेत काढलेल्या माझ्याकडे उत्तर नव्हते. मी रेल्वेची दोन तिकिटे काढली, इतकेच.

त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २७ जुलैच्या संध्याकाळी, जुन्या राजेंद्रनगरमधील एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी घुसले होते आणि तेथील अभ्यासिकेत बसलेले तीन विद्यार्थी बुडून मरण पावले होते. ते तळघर साठवणुकीसाठी मंजूर होते, अभ्यासासाठी नव्हे. त्याआधी जून २०२३ मध्ये मुखर्जीनगरातील एका इमारतीला आग लागली तेव्हा शिकवणीसाठी आलेली मुले दोर आणि तारांना लटकून खाली उतरताना साऱ्या देशाने पाहिली होती. या दोन्ही जागा राहण्याच्या नव्हत्या, शिकण्याच्या होत्या, हे खरे. परंतु परगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला शहर कोणती जागा देऊ करते, याचे उत्तर दोन्हींतून सारखेच मिळते. जी जागा दुसऱ्या कोणत्याही कामासाठी खपत नाही, ती.

आम्ही पाहिलेल्या खोल्याही त्याच जातकुळीच्या होत्या. एका नागरी गावातील चौथ्या मजल्यावरची खोली आठ फूट बाय नऊ फूट होती. तिला खिडकी होती, परंतु ती जिन्याच्या पोकळीत उघडत होती. भाडे साडेनऊ हजार, दोन महिन्यांची अनामत, दलालाचे अर्ध्या महिन्याचे भाडे आणि विजेचे युनिटमागे दहा रुपये. पावती मागितली तेव्हा दलाल हसला. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. मुलगी कुठली? मांस-मासे खाते का? भेटायला कोण येणार? रात्री किती वाजता परतणार? तिच्या अभ्यासाविषयी त्याने एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही जिना उतरत असताना ती शांतपणे म्हणाली, ‘जेजे, विद्यापीठाची परीक्षा सोपी होती.’

दिल्लीत मुनीरका, बेर सराय, कटवारिया सराय, हुमायूंपूर अशी अनेक गावे शहराच्या पोटात गिळली गेली आहेत आणि हजारो विद्यार्थी तेथे राहतात. तेथील इमारती अशा का, याचे उत्तर इतिहासात आहे. १९०८ साली महसुली नकाशांवर गावठाणाची हद्द शेतजमिनीपासून वेगळी दाखवण्यासाठी लाल शाईची रेघ ओढली गेली. तिलाच ‘लाल डोरा’ म्हणतात. पुढे या रेघेच्या आतील घरांना शहराच्या इमारत नियमांतून सूट मिळत गेली. ग्रामस्थांच्या गोठ्यासाठी आणि ओसरीसाठी दिलेली ही सवलत हळूहळू पाच-सहा मजल्यांपर्यंत चढली. समोरासमोरच्या गच्च्या एकमेकींना टेकल्या, गल्लीत अग्निशमन गाडी शिरणार नाही अशी स्थिती झाली. वसतिगृहांची जी जबाबदारी विद्यापीठांना आणि शासनाला पेलली नाही, ती या लाल रेघेने आपल्या पद्धतीने पेलली आहे. म्हणून त्या घरमालकांना सरसकट खलनायक ठरवण्याचा मला मोह होत नाही. ते नसते तर लक्षावधी मुलांना या शहरात पाऊल टाकणेही अशक्य झाले असते.

मी स्वतः १९८१ च्या जुलैमध्ये असाच दिल्लीत उतरलो होतो. कटकच्या रेव्हेन्शॉ महाविद्यालयात बी.ए. करताना वसतिगृहात राहिलो होतो. त्यामुळे वर्ग, ग्रंथालय आणि खाट या तिन्ही गोष्टी एकत्रच मिळतात, असा माझा भाबडा समज होता. दिल्लीतील वसतिगृहाचा अर्ज मी मुदत उलटल्यावर पाठवला. दोष सर्वस्वी माझा. पहिले तीन आठवडे एका परिचिताच्या वसतिगृहातील खोलीत, जमिनीवर सतरंजी टाकून, चोरून काढले. रखवालदाराची रात्रीची फेरी आटोपली की आत शिरायचे आणि पहाटे बाहेर पडायचे. त्या तीन आठवड्यांत मी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचू शकलो नाही. ज्याला रात्री कुठे झोपायचे हे दुपारी ठाऊक नसते, त्याला मोगलांची मनसबदारी समजावून घेणे जमत नाही. पुढे आयुष्यभर मी पुष्कळ अहवाल वाचले, परंतु निवारा आणि अध्ययन यांच्या नात्याविषयी त्या सतरंजीने शिकवले तेवढे कोणत्याच अहवालाने शिकवले नाही.

माझ्याबरोबर त्याच गाडीने आमच्याच जिल्ह्यातला एक मित्र आला होता. तोही इतिहासाचाच विद्यार्थी. बी.ए.ला त्याचे गुण माझ्यापेक्षा अधिक होते. आम्ही दोघांनी मिळून विजयनगर, हडसन लाइन्स, आउट्रम लाइन्स, कमलानगर अशा वस्त्या पालथ्या घातल्या. ओडिया आडनावांवरून दिल्लीकरांना काही बोध होत नसे, म्हणून ते सरळ जात विचारत. मी सांगत असे. तोही खरेच सांगत असे. त्यानंतर खोली कालच गेलेली असे, किंवा घरमालकाचा पुतण्या गावाहून यायचा असे.

अखेर हडसन लाइन्समधील एका घराच्या गच्चीवरची बरसाती मिळाली. बरसाती म्हणजे गच्चीवर पावसाळ्यासाठी बांधलेली एकच खोली. भाडे दीडशे रुपये. घरमालकीण फाळणीत लायलपूरहून आलेल्या वृद्ध पंजाबी बाई होत्या. सारे त्यांना ‘बीजी’ म्हणत. त्या मला ‘काका’ म्हणून हाक मारत तेव्हा मी प्रथम चमकलो. आमच्या ओडियातही काका म्हणजे वडिलांचा भाऊ. पंजाबीत ‘काका’ म्हणजे मुलगा, हे नंतर कळले. बीजींनी आम्हा दोघांना चहा दिला, दोघांची सारी चौकशी केली आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘खोली एकाचीच आहे.’ खोलीत दोन खाटा सहज मावल्या असत्या, हे आम्हा तिघांनाही दिसत होते. मी गप्प राहिलो. त्या दिवशी मला घराची इतकी निकड होती की माझे गप्प राहणे मला व्यवहारी शहाणपण वाटले.

तो उत्तर दिल्लीचा सारा परिसर बेघरांनी वसवलेला आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले. ज्या भागात १९११ च्या दरबारासाठी तंबू ठोकले गेले होते, तेथील किंग्जवे कॅम्प ही राजधानीतील सर्वांत मोठी निर्वासित छावणी झाली. छावणीच्या आसपास बैठी घरे उठली, घरांवर गच्च्या आल्या आणि शेजारी विद्यापीठ असल्याने गच्च्यांवर विद्यार्थी आले. घर हरपलेल्यांनी घर सोडून आलेल्यांना खोल्या दिल्या. आपल्या देशाच्या सामाजिक इतिहासातील हे एक सुंदर प्रकरण आहे. पुढे मला विषमज्वर झाला तेव्हा बीजींनी पंधरा दिवस मुगाच्या डाळीचे पाणी स्वतः जिना चढून वर आणून दिले. त्यांचे ऋण मी नाकारू शकत नाही. त्याच बीजींनी माझ्या मित्राला उंबरठ्यावरून परत पाठवले, हेही नाकारू शकत नाही. माणसाची माया आणि माणसाचा विटाळ एकाच घरात, एकाच चुलीपाशी नांदू शकतात, हे मला पुस्तकांच्या कितीतरी आधी त्या जिन्याने शिकवले.

माझा मित्र यमुनेपलीकडे शाहदऱ्यात एका दूरच्या नातेवाइकाकडे राहू लागला. दोन बसगाड्या बदलून विद्यापीठात यायला दोन तास, जायला दोन तास. संध्याकाळी ग्रंथालय भरू लागे तेव्हा तो निघालेला असे. डिसेंबरच्या थंडीत तो घरी गेला आणि परतला नाही. त्याने आमच्या राज्यातूनच एम.ए. केले आणि निवृत्तीपर्यंत शाळेत इतिहास शिकवला. मी सनदी सेवेत गेलो. आमच्या दोघांच्या वाटा नेमक्या त्या खोलीपाशी वेगळ्या झाल्या असे म्हणणे अतिसुलभ होईल, याची मला जाणीव आहे. परंतु ती खोली त्या वाटेवर होती, हे खरे.

हा अनुभव नवा नव्हता. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू व्हायला आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये ज्याला विद्यार्थी म्हणून खोली मिळाली, त्याला स्वदेशात पदवीधर म्हणून मिळाली नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. भाड्याच्या खोलीचा प्रश्न हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे, हे समजण्यासाठी यापेक्षा अधिक पुराव्याची गरज नसावी.

याच प्रश्नाचे उत्तरही आपल्याच देशात शोधले गेले होते. नालंदा येथे सातव्या शतकात सुमारे दहा वर्षे राहिलेल्या यिजिंग या चिनी भिक्षूने नोंदवले आहे की, वर्षावासापूर्वी दरवर्षी संघाची सभा भरून खोल्यांचे वाटप होत असे. ज्येष्ठांना चांगल्या खोल्या आधी आणि मग क्रमाने इतरांना. म्हणजे खोलीवाटप हे विद्यापीठाच्या वार्षिक कामकाजाचे अंग होते, नंतर पाहू असे म्हणून पुढे ढकलायचे काम नव्हते. आधुनिक काळात कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लीम, अस्पृश्य मानलेल्या अशा विविध समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना जागा आणि अनुदाने दिली. खेड्यातील मुलाला शाळेची फी माफ केली तरी शहरात त्याला झोपायला जागा नसेल तर ती माफी निरुपयोगी आहे, हे त्या राजाला कळले होते. मराठी वाचकांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु शिक्षणाच्या प्रसाराची योजना खाटेपासून सुरू करणारा राज्यकर्ता देशाच्या इतिहासात विरळा आहे, हे महाराष्ट्राबाहेरच्यांना मी नेहमी सांगतो.

मला मात्र हे उशिरा सुचले. आता जे लिहितो आहे, ते कबुलीजबाब म्हणून वाचावे. मी ज्या राज्यात नोकरी केली, तेथील उच्च शिक्षण विभागात असताना एका नव्या पदव्युत्तर संकुलाची फाइल माझ्या टेबलावर आली. वर्गखोल्या, प्रशासकीय इमारत, सभागृह आणि तीनशे खाटांचे वसतिगृह असा प्रस्ताव होता. वित्त विभागाने खर्च कमी करण्यास सांगितले. मी टिपणी लिहिली, ‘वसतिगृहाचे काम दुसऱ्या टप्प्यात घ्यावे.’ एक ओळ, खाली सही. सभागृहाला मी हात लावला नाही, कारण उद्घाटन सभागृहात व्हायचे होते. मी निवृत्त झालो तोवर दुसरा टप्पा आला नव्हता. त्या संकुलात प्रवेश घेतलेल्या किती मुलामुलींनी पहिल्याच हिवाळ्यात गाव गाठले असेल, याची नोंद कोणत्याही फाइलमध्ये नाही. ज्याची नोंद नसते, त्याचे प्रशासनाला दुःखही नसते.

हा केवळ माझा वैयक्तिक प्रमाद असता तर तो मी स्वतःपाशीच ठेवला असता. परंतु आपल्याकडे विद्यापीठाची क्षमता बाकांवर मोजली जाते, खाटांवर नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४.३३ कोटी होते आणि त्यांत मुली २.०७ कोटी. यांतील सुमारे १२ टक्के, म्हणजे पन्नास लाखांहून अधिक, पदव्युत्तर स्तरावर होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२१-२२ मध्ये ते २८.४ टक्के होते. शिवाय २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांत सामाईक प्रवेश परीक्षा आल्याने बालांगीरचा विद्यार्थी बिलासपूरला आणि इम्फाळची विद्यार्थिनी हैदराबादला सहज अर्ज करू लागली आहे. देशाच्या एकात्मतेसाठी ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु परीक्षा एक झाली म्हणून निवारा एक होत नाही. परीक्षेचा निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या आणि वसतिगृहाची यादी यांची वेळापत्रके एकमेकांना ओळखत नाहीत.

खर्चाचे गणितही पाहू. पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत वर्षाला दहा महिने, दरमहा १५,००० रुपये मिळतात. रक्कम चांगली आहे, परंतु जागा १०,००० आहेत आणि विद्यार्थी पन्नास लाख. २०१९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० करण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा दूरचित्रवाणीवर ‘करदात्यांच्या पैशांवर’ शिकणाऱ्यांची पुष्कळ थट्टा झाली. वीस रुपये हा आकडा कालबाह्य होता, हे मान्य. परंतु थट्टा करणाऱ्यांनी वसतिगृहाच्या भिंतीबाहेर त्याच आकाराच्या खोलीचे भाडे विचारले असते, तर त्या भिंतीच्या आत नेमके काय जपले जात होते, हे त्यांना उमगले असते. शासनाला हे उमगते तेव्हा ते दुरुस्तीही करते. महाविद्यालयाबाहेरच्या वसतिगृहांवर वस्तू व सेवा कर लागणार की नाही, याचा घोळ दीर्घकाळ चालला. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला करमुक्त करण्याची शिफारस केली. उशिरा का होईना, हे योग्य झाले. महाराष्ट्रात वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनाचा खर्च थेट देणारी ‘स्वाधार’ योजना २०१६-१७ पासून आहे. इमारत उभी राहीपर्यंत विद्यार्थ्याने थांबावे, अशी अपेक्षा ती करत नाही. हे तत्त्व इतर राज्यांनी उचलण्याजोगे आहे.

पैशाने सुटणार नाही असाही भाग आहे. २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या तरुणाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडील मुलांना महानगरांत कोणकोणत्या अडचणी येतात, याची नोंद केली. भाड्याच्या घरांचा प्रश्न त्यांत होताच. मुलींचा प्रश्न आणखी निराळा. वसतिगृहातील मुलींवर संध्याकाळी लवकर परतण्याचे जे बंधन असते, त्याविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीच्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ चळवळ उभी केली. सुरक्षिततेची सबब सांगून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे नियम लादू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियमही सांगतात. तरी २०२२ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनींना रात्री साडेनऊच्या कुलपाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात जावे लागले. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे आणि वसतिगृह साडेनऊला बंद, या व्यवस्थेत ग्रंथालय कोणासाठी उघडे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

धोरणे बदलायला वर्षे लागतात. मुले मात्र याच पावसाळ्यात गाडीत बसणार आहेत. म्हणून आजोबाच्या नात्याने चार व्यवहाराच्या गोष्टी. प्रवेश घेताना विद्यापीठाला लेखी विचारावे की, आपल्या अभ्यासक्रमासाठी वसतिगृहाच्या जागा किती आणि यादी केव्हा लागेल. खोली दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा पाहावी. गल्ली आणि जिना रात्री खरे बोलतात. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, खिडकी उघड्या हवेत उघडते का, वीजपेटी जिन्यात उघडी आहे का, हे भाडे विचारण्याआधी पाहावे. तळघरात कितीही स्वस्त मिळाले तरी राहू नये. अनामत रोखीने देऊ नये. बँकेतून द्यावी म्हणजे तिची नोंद राहते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. सर्व राज्यांनी तो स्वीकारलेला नसला तरी बोलणी करताना हा दाखला उपयोगी पडतो. करार अकरा महिन्यांचाच का, असे मुले विचारतात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि अकरा महिन्यांत ती टळते, एवढेच त्याचे रहस्य. विजेचा दर करारात लिहून घ्यावा. दिल्लीत २०१९ पासून भाडेकरूला स्वतःच्या नावे प्रीपेड मीटर घेण्याची सोय आहे, परंतु ती अनेकांना ठाऊक नसते.

आणि खोली मिळाली म्हणजे बस्तान बसले, असे नव्हे. पहिल्या महिन्यात रोज एक वेळचे जेवण तरी कोणाच्या सोबतीने घ्यावे. विद्यापीठाचा दवाखाना आणि ग्रंथालयातील आपली जागा आजारी पडण्याआधी आणि परीक्षा जवळ येण्याआधी शोधून ठेवावी. आपल्या भाषेचे लोक आधार देतात, परंतु केवळ त्यांच्यातच राहिले तर परगावी आल्याचे सार्थक होत नाही. मला दिल्लीने जे शिकवले, त्यातले निम्मे मणिपूरच्या, केरळच्या आणि विदर्भातल्या सहाध्यायांनी चहाच्या टपरीवर शिकवले. एकाकीपण ही पदव्युत्तर विद्यार्थ्याची मोठी व्याधी आहे. पदवीच्या मुलाप्रमाणे त्याची कोणी विचारपूस करत नाही आणि नोकरदाराप्रमाणे त्याच्या हाती पैसा नसतो.

विद्यापीठांकडून फार मोठी अपेक्षा नाही. प्रवेशपत्रावरच वसतिगृहाच्या उपलब्ध जागांचा आकडा छापावा. वर्ग सुरू होताना पहिला महिना बाहेरगावच्या नव्या विद्यार्थ्यांना सामाईक दालनात तात्पुरत्या खाटा द्याव्यात. परिसरातील तपासून पाहिलेल्या खोल्यांची यादी ठेवणारा एक कक्ष असावा आणि जात, धर्म, प्रदेश विचारून खोली नाकारणाऱ्या मालकाचे नाव त्या यादीतून काढावे. यांपैकी कशालाही संसदेचा कायदा लागत नाही. नव्या संकुलाला मंजुरी देताना मात्र शासनाने एक नियम करावा. खाट पहिल्या टप्प्यात, सभागृह दुसऱ्या.

माझ्या नातीला अखेर दुसऱ्या मजल्यावर, उघड्या हवेची खिडकी असलेली एक खोली मिळाली. तिच्याबरोबर मिझोरामची एक आणि झारखंडची एक अशा दोघी आहेत. भाडे तिघींत विभागले तरी घरून येणाऱ्या पैशांत ते अवघडच जाते. ऑक्टोबरमध्ये वसतिगृहाच्या तिसऱ्या यादीत तिचे नाव लागले, तोवर पहिल्या सत्राचा निम्मा भाग सरला होता.

भुवनेश्वरला परतल्यावर मी माझ्या त्या मित्राला दूरध्वनी केला. त्रेचाळीस वर्षांत आम्ही असंख्य वेळा बोललो होतो, परंतु त्या जिन्याविषयी कधीच नाही. मी नातीच्या खोलीची गोष्ट सांगितली आणि मग म्हणालो की, त्या दिवशी बीजींसमोर मी बोलायला हवे होते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तू बोलला असतास तर त्यांनी दोघांनाही घालवलं असतं. कदाचित खोली मिळूनही मी एम.ए.ला नापास झालो असतो. पण तो निकाल माझा असता.’

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी व इतिहासाचे अभ्यासक आहेत.)